कमी बजेटमधला गेमिंग पीसी: माझी आठवी यादी

आमचा जुना कॉम्प्युटर शेवटच्या वर्षभरात एकाच ठिकाणी हटकून दगा द्यायचा. गेममध्ये गर्दी झाली, चार-पाच जण एकदम समोर आले, की चित्र गोठायचं. ते पुन्हा हलेपर्यंत डाव हातचा गेलेला असायचा. मी आणि माझा धाकटा भाऊ ते मशीन आळीपाळीने वापरायचो. २०२५ च्या सुरुवातीला दोघांनी साठवलेले पैसे एकत्र केले आणि सुटे भाग घेऊन नवीन मशीन स्वतःच जोडायचं ठरवलं. पैसे मोजकेच होते. एखादा भाग चुकला तर तो ठेवून देऊन दुसरा घ्यावा, एवढी सवड नव्हती. त्यामुळे खरेदीआधी दीड महिना नुसत्या यादीवर गेला आणि ती यादी आठ वेळा लिहिली.

आकडे सांगताना मी एकूण बजेट शंभर भागांचं धरते, कारण वहीतही तसंच धरलं होतं. किमती सतत हलतात, पण कुठल्या वस्तूला किती वाटा द्यायचा हा प्रश्न काही हलत नाही. मॉनिटरचे पैसे वेगळे काढले होते, ते या शंभरात नाहीत.

पहिली यादी मी प्रोसेसरपासून सुरू केली. आठ कोरचा (म्हणजे आठ कामकरी भागांचा) प्रोसेसर, त्याला शोभेल असा मदरबोर्ड (पुढे नुसता बोर्ड), ३२ जीबी रॅम, समोर काच असलेलं कॅबिनेट. एवढं लिहून झाल्यावर ग्राफिक्स कार्डाला, म्हणजे पडद्यावरचं चित्र रंगवणाऱ्या भागाला, जेमतेम २० भाग उरले. कागदावर मशीन भारदस्त दिसत होतं, पण त्या २० भागांत मिळणारं कार्ड आमच्या जुन्या कार्डाच्या फार पुढचं नव्हतं. मग नवीन मशीन घेऊन बदलणार काय? तिथे मी वही मिटली आणि आधी जुन्या मशीनचीच तपासणी करायला घेतली.

त्यात चार कोर, चार थ्रेडचा (थ्रेड म्हणजे एका वेळी हाताळता येणारी कामं) प्रोसेसर होता आणि ४ जीबीचं कार्ड. भावाचा जीव काउंटर-स्ट्राइक २ मध्ये, मला मोठाल्या जगात निवांत भटकायचे गेम आवडतात. दोन्हीकडे पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दाखवणारं ओव्हरले लावलं: फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं उमटतात), कार्ड किती टक्के कामात आहे, प्रत्येक कोर किती टक्के कामात आहे. आधी १०८०पीवर खेळले, मग तोच प्रसंग, तीच जागा, आणि रिझोल्यूशन (चित्रातल्या पिक्सेलची संख्या) खाली ७२०पीवर.

भावाच्या गेममध्ये फ्रेम रेट जेमतेम हलला. कार्ड साठ टक्क्यांवर रेंगाळत होतं आणि चारही कोर शंभराला टेकलेले. म्हणजे कार्डाचं काम हलकं करूनही उपयोग नव्हता, ते बिचारं प्रोसेसरची वाट बघत बसलं होतं. माझ्या गेममध्ये बरोबर उलटं झालं. ७२०पीवर आणताच फ्रेम भराभर वाढल्या, कारण तिथे कार्डच ९९ टक्क्यांवर दमलेलं होतं. ही तपासणी फुकट आहे, अर्ध्या तासात होते, आणि यादीतला पहिला शब्द लिहिण्याआधी ती करावी, असं मी आता भेटेल त्याला सांगते.

त्याच अर्ध्या तासात आणखी एक गोष्ट कळली. सरासरी ९० फ्रेम दिसत असतानाही गोठणं जाणवायचं. ६० फ्रेम म्हणजे एका चित्राला १६.७ मिलिसेकंद, १४४ फ्रेम म्हणजे ६.९ मिलिसेकंद. मधलीच एखादी फ्रेम शंभर मिलिसेकंद घेते तेव्हा सरासरीवर ओरखडासुद्धा उठत नाही, पण हाताला लगेच समजतं. तेव्हापासून परीक्षणं वाचताना मी मोठ्या अक्षरातल्या सरासरीवरून नजर खाली नेऊन आधी 'एक टक्का लो'चा, म्हणजे सर्वांत हळू एक टक्का फ्रेमच्या वेगाचा, आकडा बघू लागले.

मग मॉनिटर. तो आधी ठरवायचा, हे मला तिसऱ्या यादीपर्यंत उमगलं नव्हतं.

"ताई, घ्यायचाच तर १४४०पी घेऊ ना," भावाने आग्रह धरला.

मी त्याला वहीत गुणाकार करून दाखवला. १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल. २५६० गुणिले १४४० म्हणजे ३६ लाख ८६ हजार ४००. जवळजवळ पावणेदोनपट चित्र प्रत्येक फ्रेमला रंगवायचं, आणि ते रंगवणार कार्ड. आमच्या कार्डाचा वाटा पावणेदोनपट होणार नव्हता. त्यामुळे २४ इंची, १०८०पी, आयपीएस पॅनेल, १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा) आणि अॅडॅप्टिव्ह सिंक (मॉनिटरचा वेग कार्डाच्या वेगाशी जुळवणारी सोय) असलेला मॉनिटर ठरला. १४४ हर्ट्झचा फायदा मुख्यतः भावाला होणार होता. मी त्या काळात एल्डन रिंग खेळत होते आणि तो गेम ६० फ्रेमच्या वर जातच नाही, मशीन कितीही दांडगं असो. पण जलद हालचालींच्या गेममध्ये ६० आणि १४४ मधला फरक पहिल्या मिनिटात कळतो, आणि पैसे दोघांचे होते.

मॉनिटर ठरला आणि कार्डाचा शोध सरळ झाला: १०८०पीवर नवे गेम मध्यम ते उच्च सेटिंगला साठच्या वर चालवणारं, सर्वांत कमी पैशातलं कार्ड. सरळ म्हणजे सोपा नव्हे. माझ्या आठ याद्यांपैकी पाच या एका ओळीमुळे बदलल्या.

पहिला मोह जुन्या, वापरलेल्या आरएक्स ५८० या कार्डाचा. ८ जीबी मेमरी, आणि त्याचे मागितले जाणारे पैसे फार थोडे. पण ते कार्ड २०१७ चं, वीज १८५ वॅट खाणारं, आणि त्यात रे ट्रेसिंगचं, म्हणजे प्रकाशाचे किरण मोजून सावल्या-प्रतिबिंबं काढण्याचं, हार्डवेअर नाही. एरवी मला रे ट्रेसिंगचं वेड नाही, या पातळीच्या कार्डांवर ते चालू करून फार काही हाती लागत नाही. पण डिसेंबर २०२४ मध्ये इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आला आणि त्याने रे ट्रेसिंगचं हार्डवेअर असलेलं कार्ड सक्तीचंच केलं. ते नसेल तर गेम चालणार नाही. आता हे कार्ड निदान चार वर्षं वापरायचं होतं, तेव्हा आणखी गेम त्या वाटेने जाणार हे धरूनच चालायला हवं होतं. आरएक्स ५८०, जीटीएक्स १६ मालिकेतली सगळी कार्डं आणि आरएक्स ५६०० एक्सटी, तिन्हींवर त्या दिवशी काट मारली.

दुसरा मोह नवीन, वॉरंटीसह मिळणाऱ्या आरएक्स ६५०० एक्सटीचा. नावावरून ते आरएक्स ६६०० च्या एकच पायरी खाली वाटतं. आत डोकावलं की पायरी नाही, खड्डा दिसतो. मेमरी ४ जीबी, मेमरी बस (त्या मेमरीपर्यंतचा रस्ता) ६४ बिट, आणि बोर्डाशी बोलायला फक्त चार लेन, म्हणजे माहितीच्या चार वाटा. कार्ड बोर्डाला जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेसच्या ४.० आवृत्तीच्या चार लेनमधून सेकंदाला साधारण ८ जीबी माहिती जाते. तेच कार्ड ३.० च्या बोर्डात बसवलं की ४ जीबी. नवीन गेमला ४ जीबी मेमरी पुरत नाही, मग पोत (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) वगैरे माल सिस्टिमच्या रॅममधून सारखा ओढावा लागतो, आणि ज्या वाटेने ओढायचा तीच अरुंद. तेव्हा माझ्या यादीत स्वस्त म्हणून ३.० चा बोर्ड लिहिलेला होता. कार्ड वेगळं वाचलं तेव्हा ठीक वाटलं, बोर्ड वेगळा वाचला तेव्हाही ठीक वाटला, दोन्ही एका ओळीत लिहिल्यावर त्यातली खोट दिसली. त्या दिवसापासून मी वहीत प्रत्येक वस्तूसमोर एक जास्तीचा रकाना आखला: 'कोणाशी जोडायचं'.

त्या रकान्याने पुढे बऱ्याचदा वाचवलं. इंटेलच्या आर्क बी५८० कार्डाचंच उदाहरण. १२ जीबी मेमरी, आकडे डोळे दिपवणारे, ताणून ताणून बजेटात बसत होतं. पण जानेवारीत काही परीक्षकांनी तेच कार्ड महागड्या प्रोसेसरऐवजी साध्या सहा कोरच्या प्रोसेसरबरोबर चालवून पाहिलं आणि बऱ्याच गेममध्ये ते सपाटून मागे पडलं, कारण त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) प्रोसेसरवर जास्त भार टाकतो. बहुतेक परीक्षणांत कार्डाची चाचणी बाजारातल्या सर्वांत वेगवान प्रोसेसरवर घेतलेली असते. कार्डांची आपापसात तुलना करायची तर ते बरोबरच आहे. पण आपल्या घरी ते कार्ड कोणाच्या शेजारी बसणार, हे त्यातून कळत नाही. माझ्या यादीत नेमका तोच सहा कोरचा प्रोसेसर होता.

आरटीएक्स ३०५० चा घोळ वेगळा. या एका नावाने तेव्हा दोन कार्डं विकली जात होती. २०२२ चं ८ जीबीचं, १२८ बिट बस आणि २५६० कोर असलेलं, आणि २०२४ चं ६ जीबीचं, ९६ बिट बस आणि २३०४ कोर असलेलं. फरक नुसता २ जीबीचा नाही, दुसरं कार्ड मुळातच हळू आहे. त्याचा एक गुण मात्र खरा: ते ७० वॅटमध्ये भागतं आणि त्याला एसएमपीएसमधून (सगळ्या मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यातून) वेगळी केबल लागत नाही. जुन्या ऑफिस कॉम्प्युटरमध्ये कार्ड टाकायचं असेल तर मी तेच सुचवेन. आमचं काम ते नव्हतं.

शेवटी दोन नावं उरली. वापरलेलं आरटीएक्स ३०६० १२ जीबी, नाहीतर नवीन आरएक्स ६६०० ८ जीबी. मन पहिल्याकडे ओढत होतं. मेमरी जास्त, आणि डीएलएसएस मिळतं, म्हणजे आत लहान चित्र काढून ते मोठं करून दाखवायची (अपस्केलिंगची) सोय. आरएक्स कार्डांवर तशाच सोयीला एफएसआर म्हणतात. ही गोष्ट १०८०पीवर महत्त्वाची ठरते, कारण अपस्केलिंग 'क्वालिटी'वर ठेवलं तरी आतलं मूळ चित्र १२८० गुणिले ७२० एवढंच असतं. इतक्या कमी पिक्सेलमधून मोठं चित्र उभं करताना डीएलएसएस हे एफएसआरपेक्षा चांगलं काम करतं. पानं, जाळ्या, केस यांच्या कडा बघितल्या की लगेच दिसतं. मी एका विकणाऱ्याकडे कार्ड बघायला गेलेही. पंखे फिरवले, पोर्ट पाहिले, स्क्रू आधी कोणी उघडलेत का तेही पाहिलं. मग म्हटलं, दहा-पंधरा मिनिटं पूर्ण लोड टाकून तापमान दाखवा. तो काही केल्या तयार होईना. मी हात जोडले आणि परत आले.

आरएक्स ६६०० घेतलं. १३२ वॅट, ८ पिनची एकच केबल, आठ लेन, रे ट्रेसिंगचं हार्डवेअर आहे, वॉरंटी पूर्ण. एफएसआरच्या कडा मला आजही खटकतात, म्हणून जमेल तिथे मी अपस्केलिंग बंद ठेवून सावल्या एक पायरी खाली आणते. कार्डाला ३६ भाग गेले.

प्रोसेसरसाठी मी रायझन ५ ५६०० वर थांबले. सहा कोर, बारा थ्रेड, ६५ वॅट, सोबत कूलर. त्याच्या शेजारी ५५०० नावाचा भाऊबंद थोडा स्वस्त मिळत होता, तोही सहा कोर आणि बारा थ्रेडचा, आणि दुकानाच्या पानावर दोघांच्या वर्णनात फारसा फरक दिसत नव्हता. पण ५६०० मध्ये एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली छोटी, जलद मेमरी) ३२ एमबी आहे, ५५०० मध्ये १६. गेममध्ये प्रोसेसर तीच ती माहिती पुन्हा पुन्हा मागतो. ती कॅशेत सापडली तर काम लगेच होतं, नाही सापडली तर रॅमपर्यंत हेलपाटा. भावाचे गेम नेमके इथेच अडतात. शिवाय ५५०० फक्त पीसीआय एक्सप्रेस ३.० बोलतो, बोर्ड ४.० चा असला तरी. ५६००जी ची हीच गत, त्यात ग्राफिक्स आतच आहे पण कॅशे १६ आणि लेन ३.० च्या. वेगळं कार्ड घेणारच असू तर त्या आतल्या ग्राफिक्सचे पैसे कशाला मोजायचे?

कोर आय५-१२४००एफ सुद्धा तितकाच योग्य पर्याय होता, त्याच्यासोबतचा बोर्ड मला महाग मिळत होता एवढंच. नावातला 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय पडदा लागणार नाही, हे तेवढं ध्यानात ठेवायचं.

खरा वाद एएम५ या नव्या सॉकेटवरून झाला (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा). भावाचं म्हणणं, ५६०० बसतो त्या एएम४ चा रस्ता संपला, पुढे काय? मुद्दा चुकीचा नव्हता. मी रायझन ५ ७६००, एएम५ चा बोर्ड आणि डीडीआर५ रॅम (त्या सॉकेटला दुसरी चालत नाही) असं मांडून पाहिलं. तिन्ही मिळून साठाच्या वर भाग गेले. कार्ड, एसएसडी, एसएमपीएस आणि कॅबिनेट उरलेल्या चाळिसात बसवायचं होतं. आज रखडणारे गेम आजच चालायला हवे होते, चार वर्षांनंतरच्या प्रोसेसरसाठी आजचं कार्ड मारायला मी तयार नव्हते. ज्यांच्याकडे थोडी जास्त ऐपत आहे त्यांनी एएम५ जरूर घ्यावं. आमचे १८ भाग ५६०० ला गेले आणि त्याचं मला आजवर वाईट वाटलेलं नाही.

बोर्ड बी५५० चिपसेटचा, मायक्रो एटीएक्स आकाराचा, १४ भागांत. आधीच्या यादीतला ३.० चा बोर्ड खोडला. रॅमचे चार स्लॉट, एसएसडीसाठी एम.२ चे दोन, प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर धातूचं हीटसिंक, आणि मागच्या बाजूला एक छोटं बटण. त्या बटणासाठी मी दोन भाग जास्त मोजले. पुढे येतंच ते.

रॅमबद्दल भावाने सुचवलं, "ताई, एकच १६ ची स्टिक घेऊ, दुसरी पुढच्या वर्षी लावू." तेव्हा मला त्याला थांबवावं लागलं. डीडीआर४-३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी माहिती देते, दोन वेगळ्या चॅनेलमध्ये दोन लावल्या की ५१.२. एकाच स्टिकवर वर्षभर खेळणं म्हणजे प्रोसेसरचा अर्धा घास काढून घेणं, आणि फटका बसतो तो त्याच 'एक टक्का लो'ला. ८-८ च्या दोन घेतल्या, सीएल१६ च्या (सीएल म्हणजे माहिती देण्याआधी रॅम किती क्लॉक सायकल थांबते). ३२०० वर सीएल१६ म्हणजे १० नॅनोसेकंद, सीएल२२ म्हणजे १३.७५. दोन्हींच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात ३२००च लिहिलेलं असतं. १६ जीबी आज पुरते, पण मागे ब्राउझरचे वीस टॅब उघडे ठेवले की कमी पडते. दोन स्लॉट मोकळे आहेत. रॅमला ७ भाग.

एसएसडीवर फार वेळ घालवला नाही. १ टीबी, एनव्हीएमई, टीएलसी प्रकारची, ९ भाग. पीसीआय एक्सप्रेस ३.० ची घेतली कारण सेकंदाला ३५०० आणि ७००० एमबीच्या वेगातला फरक मला गेम उघडताना जाणवला नसता. क्यूएलसी प्रकारची टाळली, ती भरत आली की लिहिण्याचा वेग फार पडतो. विंडोजमध्ये १ टीबीच्या जागी ९३१ दिसतं, ते मोजायच्या पद्धतीमुळे, काही चोरीला गेलेलं नसतं.

एसएमपीएसवर मात्र मी तीन संध्याकाळी बसले, आणि इथे मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचं आहे.

गरज किती, ते आधी काढलं. कार्ड १३२ वॅट. प्रोसेसर ६५ चा म्हटला तरी प्रत्यक्षात थोडा जास्त ओढतो, ८० धरा. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून पन्नासेक. बेरीज २६० च्या आसपास. मग ५०० चा कुठलाही चालेल, असं वाटतं. एका स्वस्त '५०० वॅट' एसएमपीएसच्या लेबलाचा फोटो मी मोठा करून पाहिला. लेबलावर एक तक्ता असतो, वर व्होल्ट, खाली अँपिअर. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही जगतात ते १२ व्होल्टच्या रकान्यावर. तिथे २५ अँपिअर लिहिलं होतं. १२ गुणिले २५, म्हणजे ३००. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत होते, ज्यांना आजच्या मशीनमध्ये फारसं काम नाही. म्हणजे खोक्यावर ५००, आणि आपल्या उपयोगाचे ३००. कार्डाची मागणी क्षणभर एकदम उसळी मारते तेव्हा २६० आणि ३०० मधलं अंतर काहीच नाही. मी घेतलेल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसच्या त्याच रकान्यात ४५ अँपिअर होतं, म्हणजे ५४० वॅट. दोघांच्या किमतीत चार भागांचा फरक.

दुसरी समजूत '८० प्लस'ची. ब्राँझ, गोल्ड वगैरे पदवी विजेचा अपव्यय किती कमी, एवढंच सांगते. ब्राँझला ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या भारावर किमान ८५ टक्के कार्यक्षमता दाखवावी लागते. पण शॉर्ट सर्किट झालं, भार हाताबाहेर गेला, व्होल्टेज चढलं तर हा डबा स्वतःला बंद करून घेतो का, हे त्या पदवीत येत नाही. त्यासाठी संरक्षणांची यादी आणि एसएमपीएस उघडून तपासणारी परीक्षणं वाचावी लागतात. इतर भाग कमी पडले तर गेम हळू चालतो. हा भाग बिघडला तर सोबत कोणाला घेऊन जाईल सांगता येत नाही. १० भाग गेले, आणि ते मी कुठल्याही किमतीवर कमी केले नसते.

कॅबिनेटला शेवटचे ६ भाग. काचेचं पुढचं तोंड सोडलं, जाळीचं घेतलं. हवा आत यायला वाट हवी, दिवे नसले तरी चालतात. कॅबिनेटच्या माहितीत कार्डासाठी जी लांबी दिलेली असते ती बहुधा पुढचे पंखे न धरता असते. पंख्याची जाडी २५ मिलिमीटर वजा करून मी कार्डाच्या लांबीशी पडताळली. जागा उरत होती.

सगळं आलं. खोकी उघडून जमिनीवर मांडली आणि एका सुट्टीच्या दिवशी जोडणी सुरू केली. प्रोसेसरच्या कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो, सॉकेटवरही तसाच. दोन्ही जुळवून प्रोसेसर अलगद सोडायचा, दाबायचा नाही. सोबत आलेला कूलर चार स्क्रूंनी बसतो, त्यासाठी बोर्डावरच्या प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या आधी काढाव्या लागतात. त्या काढल्या की मागची धातूची प्लेट सुटी होते. भावाने बोर्ड उभा धरून ती मागून बोटांनी दाबून ठेवली आणि मी स्क्रू तिरपे, आलटून पालटून, दोन-दोन वेढे देत आवळले. रॅम प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. मॉनिटरची केबल कार्डाला, बोर्डाला नाही.

बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा.

बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. पहिलाच लाल होऊन थांबला होता. भावाचा चेहरा उतरला. "ताई, प्रोसेसर गेला का ग?"

"अरे थांब, एवढ्यात नको ठरवूस."

बोर्डावरच्या एका चिपवर नखाएवढं स्टिकर होतं, त्यावर बायोसची, म्हणजे बोर्ड सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची, आवृत्ती. मी कंपनीच्या पानावर प्रोसेसरांची यादी उघडली. बी५५० बोर्ड २०२० मध्ये आले, ५६०० बाजारात आला एप्रिल २०२२ मध्ये. आमचा बोर्ड जुन्या साठ्यातला होता आणि त्याच्या बायोसला हा प्रोसेसर ठाऊकच नव्हता. ज्या बटणाला दोन भाग मोजले होते ते आता कामाला आलं. जुन्या कॉम्प्युटरवर नवी बायोस फाइल उतरवली, पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केला, पुस्तिकेत सांगितलं होतं तेच नाव फाइलला दिलं आणि तो मागच्या खुणेच्या यूएसबी पोर्टमध्ये लावला. बटण दाबलं. शेजारचा दिवा लुकलुकू लागला. ही क्रिया चालू असताना वीज तुटली तर बोर्ड कायमचा बसू शकतो, म्हणून स्विचच्या आसपासही कोणी फिरकलं नाही. पाचेक मिनिटं गेली असतील. दिवा विझला, मशीन पुन्हा सुरू केलं, आणि लाल दिवा पुढे सरकला: डीरॅम, व्हीजीए, बूट. मग पडद्यावर अक्षरं आली.

बायोसमध्ये गेल्यावर रॅम २४०० वर चालताना दिसली. एक्सएमपी प्रोफाइल (रॅमचा पाकिटावरचा वेग लागू करणारं) निवडलं, ती ३२०० झाली. हे न करता वर्षानुवर्षं चालणारी मशीन मी पाहिली आहेत. रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू केलं. विंडोज टाकल्यावर डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन मॉनिटर ६० वरून १४४ वर नेला, तोही आपोआप जात नाही.

रात्री मी आधी माझा गेम लावला. तोच गवताळ उतार, तेच ओव्हरले. कार्ड ९८ टक्के, प्रोसेसर निम्म्यावर, कार्डाचं तापमान सत्तरीच्या आत. मग भाऊ बसला. काउंटर-स्ट्राइकमध्ये आकडा दोनशेच्या आसपास खेळत होता, पण मी तिकडे बघत नव्हते. खालच्या कोपऱ्यात फ्रेम टाइमची बारीक रेघ असते, माझी नजर तिच्यावर होती. धुराचा गोळा फुटला आणि त्यातून पाच जण एकदम बाहेर आले, जिथे जुनं मशीन हमखास गोठायचं तिथेच. रेघ किंचित थरथरली आणि पुन्हा सरळ झाली.

डाव संपेपर्यंत तो काही बोलला नाही. मग खुर्ची मागे सरकवली आणि माउस माझ्याकडे केला. "ताई, आता तुझा नंबर."